दुरुस्त केलेला सेट थेट भिंतीत खुपसू नका: घरी बनवायचा सिरीज बोर्ड आणि त्याचे सोबती

एका दुपारी मी तीन आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडवले. इंडक्शन शेगडी शेजारच्या काकूंची, तक्रार एवढीच की बटण दाबलं की घराचा एमसीबी पडतो. खोलली, जळलेला फ्यूज बदलला, ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) बदलला, आयजीबीटी बदलला आणि प्लग थेट भिंतीच्या सॉकेटात घातला. फट्ट. मला वाटलं, पार्ट डुप्लिकेट असेल. दुसरा घातला. फट्ट. तिसऱ्या वेळी त्याच्या अंगाचा टवका उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर आपटला, तेव्हा कुठे हात थांबला. खरा बिघाड आयजीबीटीचं गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय, चालवणाऱ्या चार आण्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये होता, आणि मी दर वेळी महागाचा पार्ट त्याच्या तोंडी देत होतो.

त्याच संध्याकाळी एक जुना लाकडी स्विच बोर्ड, एक होल्डर आणि शंभराचा बल्ब घेऊन मी सिरीज बोर्ड जोडला. दुरुस्तीच्या दुकानांतून तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुणी त्याला सिरीज लॅम्प म्हणतं, कुणी नुसतं ‘सिरीज’. घरी हौसेने दुरुस्ती करणारे मात्र मल्टीमीटर घेतात, सोल्डरिंग गन घेतात आणि हाच बनवायचा राहून जातो. तो कसा बनवायचा, आणि त्याच्या जोडीला लागणारी आणखी दोन-तीन साधनं कशी करायची, ते इथे लिहितो.

बल्ब नेमकं काय करतो

सेटकडे, म्हणजे तपासायच्या उपकरणाकडे, जाणाऱ्या फेजच्या वाटेत एक तारेचा, म्हणजे जुना पिवळा बल्ब बसवायचा. बस. गंमत त्याच्या फिलामेंटमध्ये आहे. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर पूर्ण पेटलेला असताना ०.४३ ॲम्पिअर करंट घेतो, म्हणजे त्याचा रोध साधारण ५३० ओहम. तोच बल्ब थंड असताना मीटर लावून पाहा, चाळीसेक ओहम दाखवेल. थंड असताना वाट मोकळी, तापला की वाट अडवणार.

सेट ठीक असेल तर तो थोडाच करंट घेतो, फिलामेंट तापत नाही, बल्ब विझलेलाच राहतो आणि सेटला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. सेटच्या आत शॉर्ट असेल तर फिलामेंट लगेच तापतं, बल्ब लख्ख पेटतो आणि पहिला क्षणभराचा झटका सोडला तर करंट ०.४३ ॲम्पिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. सगळे २३० व्होल्ट बल्बच खाऊन टाकतो. थेट भिंतीत असताना हाच शॉर्ट क्षणार्धात शेकड्याने ॲम्पिअर ओढतो. तेव्हा फ्यूज सेटला वाचवेल असं आपण धरून चालतो, पण मॉस्फेट (हाही आयजीबीटीसारखाच इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि आयजीबीटी फ्यूजच्या आधी जातात. फ्यूज आग लागू नये म्हणून असतो, तुमचा पार्ट वाचवायला नाही.

एलईडी किंवा सीएफएल बल्ब इथे चालत नाही. त्यांच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, फिलामेंट नसतं. तारेचे बल्ब हल्ली किराणा दुकानात मिळेनासे झालेत, पण जुन्या इलेक्ट्रिक दुकानाच्या माळ्यावर असतात. नाहीच मिळाले तर कोंबडीपालनाचं सामान विकणाऱ्यांकडे जा. पिल्लांना ऊब द्यायला १०० आणि २०० वॅटचे बल्ब अजून लागतात. मांडवात लावायचे लांब नळीचे हॅलोजनही चालतात, फक्त ते भयंकर तापतात.

आता एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण सिरीज बोर्ड आला की माणूस नको तितका निर्धास्त होतो. बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. ओल्या हाताचा माणूस हजार-दोन हजार ओहमचा धरला तर त्याच्या अंगातून शंभर ते दोनशे मिलिॲम्पिअर जाऊ शकतात. एवढा करंट जीव घ्यायला पुरतो, आणि एवढ्या करंटला शंभराचा बल्ब फार तर मंद लालसर होतो. म्हणून ज्या सॉकेटवर हे काम करणार, त्याच्या मागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. घरात नसेल तर आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या, मग पुढे वाचा. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीलाही काही कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

सामान

पीव्हीसीचा किंवा लाकडी आठ बाय दहा इंची स्विच बोर्ड. तीन बॅटन होल्डर. ४० किंवा ६०, १०० आणि २०० वॅटचा एकेक बल्ब. सहा ॲम्पिअरचे पाच स्विच, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. सहा ॲम्पिअरचं एक थ्री-पिन सॉकेट. काचेच्या फ्यूजचा होल्डर आणि २ ॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. एक निऑन इंडिकेटर. सहा ॲम्पिअरचा थ्री-पिन टॉप (प्लग) आणि दोन मीटर तीन कोअरची तांब्याची वायर, १ चौरस मिलिमीटरची. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे एका फेरीत मिळतं, पण खरं तर गावच्या कुठल्याही इलेक्ट्रिक दुकानात मिळेल. पैसे वाचवायचे असतील तर बोर्डावर वाचवा. वायर, टॉप आणि सॉकेट आयएसआय मार्कचेच घ्या.

फ्यूज स्लो-ब्लो का? थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढतं. साधा फ्यूज त्या झटक्यातच जाईल आणि तुम्ही सेटमध्ये शॉर्ट शोधत बसाल.

जोडणी

आधी पेन्सिलने बोर्डावर आखून घ्या. वरच्या बाजूला तीन होल्डर, एकमेकांपासून निदान चार इंच अंतरावर. खाली स्विच, सर्वांत खाली सॉकेट. २०० वॅटच्या बल्बची काच हात पोळवते, म्हणून त्यावर जुन्या टेबल फॅनची जाळी कापून लावा. जाळी लोखंडी, म्हणून तिला अर्थची वायर जोडायची.

आता वायरी. टॉपमधून आलेली तपकिरी वायर, म्हणजे फेज (जुन्या वायरीत लाल), आधी फ्यूजला. फ्यूजमधून मेन स्विचला. मेन स्विचच्या दुसऱ्या टोकाला आपण ‘अ’ म्हणू. ‘अ’पासून तीन वाटा निघतात. प्रत्येक वाटेत एक स्विच आणि त्यापुढे एक बल्ब. तिन्ही बल्बांची दुसरी टोकं एकत्र येतात, त्या ठिकाणाला ‘ब’ म्हणू. ‘ब’पासून वायर सॉकेटच्या फेजच्या भोकाला. सॉकेट समोरून पाहिलं आणि मोठं अर्थचं भोक वर असलं, तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे.

निळी न्यूट्रल कुठेही न तुटता टॉपपासून सरळ सॉकेटच्या डाव्या भोकाला. हिरवी-पिवळी अर्थ तशीच सरळ वरच्या भोकाला.

राहिला पाचवा, वेगळ्या रंगाचा स्विच. तो ‘अ’ आणि ‘ब’च्या मध्ये. तो चालू केला की बल्ब बाजूला पडतात आणि सेट थेट लाइनवर येतो. याला मी लाल रंग दिलाय आणि वर बाटलीच्या झाकणाची टोपी अडकवून ठेवलीय, चुकून हात पडू नये म्हणून. शेवटच्या तपासणीला तो लागतो, एरवी नाही.

निऑन इंडिकेटर बहुतेक लोक मेन स्विचवर लावतात. तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. तो ‘ब’ आणि न्यूट्रलमध्ये लावा, म्हणजे सॉकेटच्याच दोन टोकांना. आता तो सेटला मिळणारं व्होल्टेज दाखवतो. सेट ठीक असला की बल्ब विझलेला आणि इंडिकेटर पेटलेला. सेट शॉर्ट असला की बल्ब पेटलेला आणि इंडिकेटर विझलेला. दोन्ही विझलेले असतील तर वीजच आलेली नाही, आधी फ्यूज बघा. या एका बदलाने बोर्ड दुप्पट बोलका होतो.

स्विच आणि बल्ब फेजमध्येच का? न्यूट्रलमध्ये बसवले तरी बल्ब तसाच पेटेल, सगळं तसंच दिसेल. फरक एवढाच की स्विच बंद केल्यावरही सेटच्या आत फेज जिवंत राहील आणि तुम्ही ‘बंद केलाय ना’ म्हणून हात घालाल. त्यासाठीच दोन पिनांचा टॉप या बोर्डाला कधीही लावायचा नाही. तो उलटा बसला की फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते.

प्रत्येक टोक लग्जने (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याने) किंवा वायरचे तंतू पिळून, स्क्रूखाली नीट वळवून आवळा. एकही तंतू बाहेर लोंबता कामा नये. वायर बोर्डात शिरते तिथे क्लॅम्प हवा, नाहीतर ओढाताणीत पहिली सुटते ती अर्थच. मागची बाजू पूर्ण झाकलेली हवी.

वीज देण्याआधी

टॉप हातात घ्या, भिंतीत नाही. बोर्डावर फक्त १०० वॅटचा बल्ब ठेवा, मेन आणि त्या बल्बचा स्विच चालू, बाकी बंद. मीटर ओहमवर. टॉपच्या फेज पिनपासून सॉकेटच्या उजव्या भोकापर्यंत चाळीसेक ओहम यायला हवेत. लाल स्विच चालू करताच ते शून्याजवळ यावेत. न्यूट्रल ते न्यूट्रल शून्य, अर्थ ते अर्थ शून्य. मीटरच्या स्वतःच्या वायरींचे काही दशांश ओहम वजा धरा. मग मीटर सर्वांत वरच्या मेगाओहम रेंजवर ठेवून फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ पाहा. सॉकेट रिकामं असताना तिन्ही ठिकाणी वाट बंद दिसली पाहिजे. निऑन इंडिकेटर मीटरच्या तेवढ्याशा व्होल्टेजवर पेटत नाही, त्यामुळे तो आडवा येत नाही. मात्र एलईडीवाला इंडिकेटर लावला असेल तर फेज-न्यूट्रलमध्ये त्याचा थोडा रोध दिसेल.

हे जुळलं की लाल स्विच बंद करा, बोर्ड भिंतीला लावा आणि सॉकेटात एक टेबल लॅम्प जोडा, त्यातही १०० वॅटचा तारेचाच बल्ब. दोन्ही बल्ब मंद, सारखेच पिवळे पेटतील, कारण प्रत्येकाला ११५ व्होल्टच मिळतायत. बोर्ड बरोबर आहे. काहीजण तपासणीसाठी फेज-न्यूट्रल आतून जोडलेला ‘शॉर्ट टॉप’ बनवून ठेवतात. कृपा करून बनवू नका. घरातलं कुणीतरी तो एक दिवस भिंतीत घालतंच.

बल्बची भाषा

आधी कुठला बल्ब? मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्स, एलईडी ड्रायव्हर यांना ४० किंवा ६०. बत्तीस-चाळीस इंची एलईडी टीव्ही आणि इंडक्शनचा बोर्ड यांना १००. ॲम्प्लिफायर आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही यांना आधी १००, मग २००. नियम सोपा आहे. आधी लहान बल्ब, तो समाधानकारक वागला की वरचा.

बल्ब क्षणभर भपकन पेटला आणि विझला किंवा अगदी मंद झाला, तर ते चांगलं लक्षण. तो भपका मोठा कॅपॅसिटर भरताना येतो. ॲम्प्लिफायरमध्ये दहा हजार मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर असतात, तिथे हा भपका सेकंदभर रेंगाळतो. घाबरू नका.

बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला तर शॉर्ट. लगेच बंद. पाच-दहा सेकंदांत काही सुधारेल अशी आशा धरून बघत बसू नका. ब्रिज, मुख्य मॉस्फेट, कॅपॅसिटर हे तिघे पहिले संशयित.

बल्ब काहीच हलला नाही, साधा लुकलुकलाही नाही आणि इंडिकेटर पेटलेला आहे, म्हणजे सेटमध्ये करंट जातच नाहीये. फ्यूज, एनटीसी (सुरुवातीचा करंटचा झटका अडवणारा पार्ट), स्विच, तुटलेली वायर यांपैकी काहीतरी.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ठोके. बल्ब लुप-लुप करतो, सेटचा लाल दिवा त्याच तालात लागतो-विझतो. एसएमपीएस, म्हणजे सेटच्या आतला पॉवर सप्लाय, चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि पुन्हा बंद पडतोय. याचे दोन अर्थ निघतात. एक, पुढे सेकंडरीत (ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या, कमी व्होल्टेजच्या बाजूला) डायोड किंवा कॅपॅसिटर गेलाय आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. दोन, सेट चांगला आहे, तुमचाच बल्ब लहान आहे. एसएमपीएसचा स्वभाव असा की व्होल्टेज कमी मिळालं की तो जास्त करंट ओढतो. त्याने करंट ओढला की बल्ब तापतो, बल्ब तापला की व्होल्टेज आणखी पडतं. अशा वेळी वरचा बल्ब लावून पाहा. ठोके थांबले तर सेट निर्दोष. मोठ्या बल्बवरही तोच ताल राहिला तर बिघाड खरा.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत डीगॉसिंग कॉइल (पडद्याचं चुंबकत्व घालवणारी) चालू होताना जबर करंट घेते, तेव्हा बल्ब पेटतो आणि नवखा माणूस उगाच पॉवर सप्लाय उलगडायला बसतो. कॉइलचं कनेक्टर काढून ठेवा. इस्त्री, गीझर, मिक्सर यांच्यासाठी सिरीज बोर्ड जवळपास निरुपयोगी. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोधच ५३ ओहम, बल्ब तिथे पूर्ण पेटणारच.

आता तीच शेगडी, नीट

काकूंची शेगडी आज आली तर मी काय करेन? जळका फ्यूज आणि ब्रिज बदलेन, पण आयजीबीटी लावणार नाही. त्याची जागा रिकामी ठेवून ६० वॅटच्या बल्बवर बोर्ड चालू करेन. भपका, मग अंधार. मीटर डीसीवर लावून १८ आणि ५ व्होल्टच्या लाइनी आल्या का ते बघेन. या लाइनींचं ग्राउंड थेट मेन्सला जोडलेलं असतं, म्हणून वीज बंद असतानाच मीटरच्या वायरी क्लिपने अडकवायच्या, मग बोर्ड चालू करून हात न लावता आकडा वाचायचा.

पुढचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आयजीबीटीच्या गेटच्या पॅडवर, एमिटरच्या तुलनेत, स्टँडबायला शून्य व्होल्ट असायला हवेत. माझ्या त्या दुपारी तिथे जवळजवळ १८ व्होल्ट उभे असणार. म्हणजे आयजीबीटी लावला की तो सतत चालू. दर वेळी वीज मिळताच तो मरणारच होता. गेटला आडवा लावलेला १८ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) आणि ८०५०-८५५० ही ड्रायव्हरची जोडी काढून तपासायची. बऱ्याच बोर्डांत हीच जोडी असते.

गेट शून्यावर आलं की आयजीबीटी लावायचा आणि १०० वॅटच्या बल्बवर स्टँडबाय पाहायचा. बल्ब विझलेला राहिला की काम झालं. इथे भांडं ठेवून शेगडी चालवायला जाऊ नका. बल्ब उसळेल, व्होल्टेज पडेल, शेगडी एरर दाखवून ओरडेल, आणि तो दोष तिचा नसेल.

डिस्चार्ज प्रोब

हा बनवायला दहा मिनिटं लागतात, पण मला सिरीज बोर्डाइतकाच महत्त्वाचा वाटतो. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून गेला की मुख्य कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी साठतात. चालता सेट बंद केला की हे व्होल्टेज काही सेकंदांत स्वतःच संपतं, कारण एसएमपीएस ते वापरून टाकतो. बंद पडलेला सेट ते वापरत नाही. तुमच्या टेबलावर येतात ते तर सगळे बंद पडलेलेच! प्लग काढून चहा पिऊन आलात तरी तिथे ३२५ व्होल्ट तुमची वाट पाहत बसलेले असू शकतात.

जुनी पद्धत म्हणजे स्क्रू ड्रायव्हर आडवा घालणे. मोठा ठिणगीचा आवाज, ड्रायव्हरच्या टोकाला खड्डा, कधीकधी ट्रॅक उचकटलेला. त्यापेक्षा २.२ किलोओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या. एका टोकाला मीटरच्या जुन्या प्रोबची वायर, दुसऱ्या टोकाला इन्सुलेटेड मगरक्लिप. दोन्ही सांध्यांवर आणि रेझिस्टरच्या उघड्या पायांवर श्रिंक स्लीव्ह, मग सगळं एका जाड पेनच्या नळीत. क्लिप कॅपॅसिटरच्या निगेटिव्हला, प्रोबचं टोक पॉझिटिव्हला. शंभर मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर दोन सेकंदांत मोकळा होतो. तरी पाच मोजा आणि मग मीटर लावून खात्री करा. मीटरशिवाय विश्वास नाही. ॲम्प्लिफायरच्या दहा हजार मायक्रोफॅरडला हाच प्रोब दोन मिनिटं घेईल, तिथे १०० ओहम, १० वॅटचा वेगळा करून ठेवा.

प्रोब लावायच्या आधी सेटचा प्लग बाहेर असला पाहिजे. चालू सेटच्या कॅपॅसिटरवर तो रेझिस्टर ४८ वॅट खातो आणि तुमच्या हातातच धुमसायला लागतो.

लोड

दुरुस्त केलेला ॲडॉप्टर मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, गिऱ्हाईक घेऊन जातं, राउटर लावतं आणि संध्याकाळी परत येतं. कॅपॅसिटर सुकलेला असला तरी रिकाम्या ॲडॉप्टरवर व्होल्टेज बरोबरच दिसतं. त्याला ओझं देऊन पाहावं लागतं.

२२ ओहम, १० वॅटचे चार सिमेंट रेझिस्टर एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, प्रत्येकाला छोटा स्विच. १२ व्होल्टवर प्रत्येक जण ०.५५ ॲम्पिअर घेतो, चारही चालू केले की २.२. दोन ॲम्पिअरच्या ॲडॉप्टरला तीन लावून अर्धा तास ठेवा, मग चौथा लावून मिनिटभर पाहा. व्होल्टेज ११.८ राहिलं तर छान, ११च्या खाली गेलं तर कॅपॅसिटर बघा. पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरसाठी १० ओहमचे चार वेगळे करा, तेही चारही मिळून दोन ॲम्पिअर घेतात. रेझिस्टर १० वॅटचा असला तरी साडेसहा वॅटवर बोट ठेवता येत नाही इतका तापतो, म्हणून पट्टी लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका.

इथे गाडीचा बल्ब लोड म्हणून लावायचा मोह होतो. थंड फिलामेंटचा जो गुण सिरीजमध्ये कामाला आला, तोच इथे आडवा येतो. पहिल्या क्षणी तो इतका करंट ओढतो की चांगला ॲडॉप्टरही ओव्हरलोड समजून बंद पडतो. पण गाडीच्या बल्बचं दुसरं काम आहे. इन्व्हर्टरचा किंवा यूपीएसचा बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर तपासताना पॉझिटिव्हच्या वाटेत १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब घाला. शॉर्ट असला तरी पहिला झटका सोडला तर करंट पावणेदोन ॲम्पिअरच्या आसपासच राहतो. तो नसेल तर बॅटरी आनंदाने तुमच्या वायरी वितळवेल.

आयसोलेशन, थोडक्यात

ज्यांना ऑसिलोस्कोप लावायचाय त्यांच्यासाठी. एसएमपीएसच्या प्रायमरी, म्हणजे भिंतीच्या विजेकडच्या, बाजूचं ग्राउंड हे खरं ग्राउंड नसतं. स्कोपची अर्थ क्लिप तिथे लावली की ब्रिजमधून थेट शॉर्ट. उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, भिंतीच्या विजेशी तारेची थेट जोड न ठेवता वीज देणारा. लहान कामापुरता तो घरी करता येतो. २३० ला २४ व्होल्ट, २ ॲम्पिअरचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर घ्या, दोघांच्या २४ व्होल्टच्या बाजू एकमेकांना जोडा, पहिल्याच्या २३०ला भिंतीची वीज द्या, दुसऱ्याच्या २३०मधून सुटी वीज घ्या. व्होल्टेज थोडं कमी मिळेल आणि चाळीसेक वॅटपर्यंतच चालेल. सेट-टॉप बॉक्स किंवा चार्जरला तेवढं पुरतं. क्रम असा: भिंत, आयसोलेशन, सिरीज बोर्ड, सेट. आयसोलेशनच्या पुढे अर्थ न्यायची नाही. आणि त्या बाजूला आरसीसीबी काहीच करू शकत नाही, म्हणून दोन ठिकाणी एकदम हात लावायचा नाही. एक हात पाठीमागे, ही जुन्या मेकॅनिकांची सवय उगाच पडलेली नाही.

डिमरस्टॅट किंवा व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्याच्या आत एकच गुंडाळी असते आणि भिंतीचा फेज तिच्यातून तसाच पुढे येतो. हा गैरसमज मी चांगल्या जाणत्यांकडेही पाहिलाय.

मायक्रोवेव्ह यातल्या कशानेही तपासायचा नाही. आतल्या कॅपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास असतं आणि करंटही जीवघेणा. तो या टेबलावर येऊच देऊ नका.

गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी

सेटचं कव्हर लावा, सगळे स्क्रू लावा. धातूची बॉडी असेल तर टॉपच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंत मीटर जवळजवळ शून्य दाखवतो का ते पाहा. दुरुस्तीत कव्हर काढताना अर्थची वायर निघते आणि परत लावायची राहते, हे माझ्याकडून दोनदा झालंय. मग सेटचा स्विच चालू ठेवून टॉपचा फेज पिन ते बॉडी, न्यूट्रल पिन ते बॉडी, दोन्ही मेगाओहम रेंजवर. काहीही वाट दिसता कामा नये. मीटर हे काम फार कमी व्होल्टेजवर करतो, खरी कसोटी ५०० व्होल्टच्या मेगरची (इन्सुलेशन तपासायच्या मीटरची). इस्त्री-गीझरसारखी पाण्या-वाफेजवळची वस्तू असेल तर मेगर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.

दोन पिनांच्या टीव्हीच्या किंवा लॅपटॉपच्या धातूला टेस्टर लावला की तो पेटतो, मीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो आणि लोक घाबरून सेट परत आणतात. एसएमपीएसमध्ये फिल्टरसाठी बसवलेल्या छोट्या वाय कॅपॅसिटरमधून हे येतं. त्याचा करंट मिलिॲम्पिअरच्या छोट्याशा भागाएवढा, मुंग्या आल्यासारखं वाटतं एवढंच. पण दुरुस्तीत तोच कॅपॅसिटर बदलला असेल तर त्यावर वाय हा वर्ग छापलेलाच पार्ट लावलाय ना, ते उघडून पुन्हा बघा. त्या जागी साधा डिस्क कॅपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर फेज थेट बॉडीवर येतो.

हे झालं की बोर्ड बंद करून बल्बाचे तिन्ही स्विच बंद, टोपी काढून लाल स्विच चालू, मग मेन. बोर्डाचा फ्यूज २ ॲम्पिअरचा, म्हणून साडेचारशे वॅटपर्यंतचाच सेट इथे पूर्ण चालतो. काकूंच्या शेगडीसारखी मोठी वस्तू बल्बची परीक्षा पास झाल्यावर १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला लावायची, पाण्याचं पातेलं ठेवून, उकळी येईपर्यंत, आणि तिथून न हलता. टीव्ही असेल तर तासभर चालवा. मग बंद करा, टोपी परत लाल स्विचवर चढवा.